बँकेच्या नांवानें येणारीं खोटीं पत्रें

बी जमिनींत टाकण्यापूर्वीं तें पारखून घ्यावें, हें वऱ्हाडांतील कोणाहि शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. पिशवीवरील चित्र कितीहि टवटवीत असलें तरी तो पिशवी उलटी करून लेबल वाचतो, लॉट क्रमांक व मुदत पाहतो आणि पक्की पावती घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाहीं. कारण पिशवीचें रूप कोणालाहि छापतां येतें, हें त्यास बोगस बियाण्यांनीं एकदां नव्हे, अनेकदां पटवून दिलें आहे. हीच पारख बँकेच्या नांवानें येणाऱ्या पत्रांच्या बाबतींत मात्र आपण विसरतों. मोबाइलच्या अगर संगणकाच्या पडद्यावर बँकेचें बोधचिन्ह दिसलें, खालीं व्यवस्थापकाचा हुद्दा दिसला, कीं पत्र खरें असें आपण धरून चालतों. ह्या एका समजुतीवर लबाडीचा मोठा धंदा उभा आहे. त्यास 'फिशिंग' असें म्हणतात. हें नांव मासे धरण्याच्या गळावरून पडलें असून तें यथार्थ आहे; गळ टाकणारा स्वतः पाण्यांत उतरत नाहीं, मासाच आपण होऊन त्याच्याकडे येतो.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांनीं आपल्या वर्षाचा हिशेब डोळ्यांपुढें आणावा. पीककर्ज खात्यावर येतें. पीक विम्याची भरपाई खात्यावर येते. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं खात्यावरच जमा होतात. सोयाबीन, तूर किंवा कापूस विकल्यावर पूर्वीं धोतराच्या सोग्यांत बांधून आणलेली रक्कमहि आतां पुष्कळ ठिकाणीं खात्याच्याच वाटेनें येते. शिवाय गेल्या कांहीं वर्षांत शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. त्यांचा पत्रव्यवहार ई-मेलनें चालतो, आणि त्यांच्या खात्यांत एका घरची नव्हे, शेंकडों घरांची रक्कम असते. अशा संस्थेच्या सचिवानें एका खोट्या पत्रास उत्तर दिलें तर नुकसान त्याच्या एकट्याचें होत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत ह्या पत्रांस अधिक बळ मिळण्याचें आणखी एक कारण आहे. बँक अडचणींत येणें म्हणजे काय, हें येथील लोकांनीं केवळ ऐकलेलें नाहीं, भोगलेलें आहे. २०१२ सालीं बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक संकटांत सांपडली तेव्हां ठेवीदारांस स्वतःच्याच पैशांसाठीं ताटकळावें लागलें. पुढें जुलै २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. ज्यानें असे दिवस पाहिले आहेत, त्यास 'आपलें खातें आज रात्रीं बंद होईल' हें निव्वळ वाक्य राहत नाहीं. पत्र धाडणाऱ्यास हा इतिहास ठाऊक असतो असें नव्हे. तो एकच मजकूर लाखों लोकांस पाठवितो. परंतु भीति आधींच घरांत असली म्हणजे गळास फारसें आमिष लावावें लागत नाहीं.

आतां नमुन्यादाखल एक पत्र पाहूं. तें कोणा एका बँकेच्या नांवानें आलेलें नाहीं. अशा पत्रांची जी ठराविक घडण असते तीवरून येथें मुद्दाम रचलें आहे.

"प्रिय खातेदार, आपली केवायसी माहिती अपूर्ण असल्याचें आढळून आलें आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आपलें खातें आज रात्रीं १२ वाजतां गोठविण्यांत येईल. व्यवहार चालू ठेवण्यासाठीं खालील दुव्यावर जाऊन आपला ग्राहक क्रमांक, पासवर्ड व मोबाइलवर येणारा ओटीपी त्वरित भरावा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग."

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं ह्यांतील सारेंच खोटें नाहीं. केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख पटवून घेणें, हें काम बँका खरोखरच करतात. कागदपत्रें वेळेवर न दिल्यास व्यवहारांवर निर्बंधहि येऊं शकतात. किसान सन्मान निधीसाठींसुद्धां ई-केवायसी करावी लागते. लबाडीचें कसब आहे तें येथेंच. निव्वळ खोटें लौकर पकडलें जातें. शेरभर खऱ्यांत छटाकभर खोटें मिसळलें तर तें मुरून जातें. तेव्हां पत्रांत केवायसीचा उल्लेख आहे म्हणून तें खोटें, अथवा रिझर्व्ह बँकेचें नांव आहे म्हणून तें खरें, असा कोणताच नियम चालणार नाहीं.

भाषेवरून ओळखावें म्हणावें, तर ती कसोटीहि आतां बोथट झाली आहे. पूर्वीं अशीं पत्रें मोडक्यातोडक्या भाषेंत येत आणि दोन ओळींतच उघडीं पडत. आज यंत्राकडून हवी तशी शुद्ध मराठी लिहून घेतां येते. उलट कित्येक खऱ्या बँकांचींच मराठी पत्रें अशीं असतात कीं शुद्धलेखनाच्या कसोटीवर तींच आधीं खोटीं ठरावींत! 'प्रिय खातेदार' असा मोघम मायना हीहि एक खूण समजली जात असे. परंतु नांवें, मोबाइल क्रमांक व पत्ते बाजारांत विकले जात असल्यामुळें आपल्या नांवानिशीं आलेलें पत्रसुद्धां खोटें असूं शकतें.

मग पाहावें काय? पाहावी ती मागणी आणि तिच्या जोडीस असलेली घाई. पासवर्ड, एटीएमचा पिन, कार्डाच्या पाठीमागील तीन अंक व ओटीपी ह्यांपैकीं एकहि गोष्ट बँक पत्रानें किंवा फोनवरून विचारीत नाहीं. विचारण्याचें तिला कारणच नसतें. खातें तिच्याच वहींत आहे. ओटीपी म्हणजे खातेदाराची सही होय. विशिष्ट व्यवहारास आपली संमति आहे, एवढेंच सांगण्यासाठीं ती असते. ती दुसऱ्यास कळविणें आणि कोऱ्या चेकवर सही करून तो अनोळखी माणसाच्या हातीं देणें ह्यांत कांहीं फरक नाहीं. यूपीआयचा पिनहि तसाच. तो पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं. 'विम्याची रक्कम जमा करावयाची आहे, पिन टाका' असें कोणी म्हणेल तर तो रक्कम घेऊन जाण्यासाठीं आला आहे असें समजावें.

घाईचा हेतु वेगळा आहे. खरी बँक जी मुदत देते ती दिवसांची वा आठवड्यांची असते, आणि तिला गांवांत अगर तालुक्याच्या ठिकाणीं एक शाखा असते. लबाडाची मुदत तासांची असते. कारण वाचणाऱ्यानें शाखेंत जाऊं नये, घरांतील शिकलेल्या मुलीस विचारूं नये, सोसायटीच्या कार्यालयांत चौकशी करूं नये, हेंच त्यास हवें असतें. म्हणून सुटीच्या आदल्या सायंकाळीं आलेल्या तातडीच्या पत्रास दुप्पट संशयानें पाहावें.

ह्यानंतरची कसोटी पत्त्याची. ती थोडी किचकट आहे, परंतु एकदां समजली म्हणजे कायमची उपयोगी पडते. पत्रांत पत्ते दोन असतात : एक पाठविणाऱ्याचा व दुसरा दुव्याचा, म्हणजे ज्यास सर्वजण लिंक म्हणतात त्याचा. पाठविणाऱ्याचें जें नांव ठळक दिसतें त्यावर मुळींच विसंबूं नये. पोस्टाच्या पाकिटावर 'प्रेषक : जिल्हाधिकारी, बुलढाणा' असें कोणीहि लिहूं शकतो, तसेंच हें आहे. नांवाखालीं दडलेला पूर्ण पत्ता उघडून पाहिला तर पुष्कळदां तो बँकेचा नसून कोठल्या तरी फुकट मिळणाऱ्या टपालखात्याचा निघतो, आणि निकाल तेथेंच लागतो. परंतु तो बँकेचाच दिसला तरी पत्र खरें ठरत नाहीं. कारण पूर्ण पत्ताहि बनावट घालतां येतो. थोडक्यांत, चुकीचा पत्ता खोटेपणा सिद्ध करतो. बरोबर पत्ता खरेपणा सिद्ध करीत नाहीं.

दुव्याचें तसें नाहीं. तो कोठें नेतो हें बहुतेक वेळां पाहतां येतें. मात्र तें वाचतां आलें पाहिजे. वरवर दिसणारा मजकूर कांहींहि असो, संगणकावर त्यावर माउसचा बाण नुसता ठेवला, अगर मोबाइलवर त्यावर बोट कांहीं वेळ दाबून धरलें, म्हणजे खरा पत्ता दिसतो. हें करतांना तो उघडणार नाहीं एवढी खबरदारी घ्यावी. ह्या पत्त्यांत आरंभींच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढें जी पहिली तिरपी रेघ येते तिच्यापर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. मालक कोण, हें उजवीकडच्या टोकाला असतें. समजा, पत्ता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट खातेअपडेट डॉट कॉम' असा आहे. आरंभीं स्टेट बँकेचें नांव पाहून वाचणारा निश्चिंत होतो. परंतु हें घर 'खातेअपडेट डॉट कॉम' नांवाच्या कोणा तिऱ्हाइताचें आहे, आणि डावीकडची सारी अक्षरें त्यानें आपल्या दारावर लावलेली पाटी आहे. एखाद्या 'मुंबई हेअर कटिंग सलून, मेहकर' ह्या दुकानांत शिरल्यानें कोणी मुंबईस पोंचत नाहीं, तद्वतच हें.

अक्षरांचीहि फसवणूक असते. आपल्या जुन्या छपाईंत 'रव' आणि 'ख' ह्यांचा घोटाळा होई, हें वयस्कर वाचकांस आठवत असेल. इंग्रजी लिपींत 'आर' व 'एन' हीं छोटीं अक्षरें शेजारीं आलीं कीं तीं 'एम' सारखीं दिसतात. शून्य आणि 'ओ' ह्यांतील भेद घाईंत कळत नाहीं. पत्त्याशेजारीं कुलपाचें चिन्ह असलें म्हणजे जागा सुरक्षित, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. कुलपाचा अर्थ इतकाच कीं आपण लिहिलेलें वाटेंत कोणी वाचूं शकणार नाहीं. पलीकडे बसलेला सावकार आहे कीं चोर, हें कुलूप सांगत नाहीं.

ह्या कामीं रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं एक उपयुक्त सोय करून दिली. २२ एप्रिल २०२५ रोजीं तिनें सर्व बँकांस असा आदेश दिला कीं, त्यांनीं आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' ह्या शेवटाच्या पत्त्यावर न्यावींत. हें नांव हैदराबाद येथील आयडीआरबीटी ह्या संस्थेमार्फत केवळ बँकांसच मिळतें. कॉम किंवा नुसतें इन ह्या शेवटाचीं नांवें मात्र कोणीहि थोडक्या रुपयांत विकत घेऊं शकतो. म्हणून बँक म्हणविणाऱ्या पानाच्या पत्त्याचा शेवट काय आहे, हें आधीं पाहावें. येथें आपल्या जिल्ह्यापुरता एक खुलासा करणें जरूर आहे. नागरी व ग्रामीण पतसंस्था ह्या सहकारी कायद्याखालील संस्था असून त्या बँका नव्हेत. तेव्हां पतसंस्थेच्या पत्त्यास हा शेवट नसणें हा दोष मानूं नये. तेथें पासबुकावर छापलेला पत्ता व दूरध्वनि क्रमांक हाच आधार.

खरें पाहतां सर्वांत सोपा मार्ग असा कीं पत्रांतील दुवा खरा कीं खोटा ह्या भानगडींत पडूंच नये. काम निघालें तर बँकेचें ॲप आपण होऊन उघडावें, अगर पासबुकावरील क्रमांकावर विचारावें, किंवा शाखेंत जावें. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधून काढूं नये. तेथेंहि खोटे ग्राहकसेवा क्रमांक पेरून ठेवलेले असतात. व्हॉट्सॲपवर सरकारी योजनेच्या अथवा वाहनाच्या दंडाच्या नांवानें ज्या फाइली फिरतात आणि ज्यांच्या नांवाचा शेवट 'एपीके' असा असतो, त्या तर पत्रांहून वाईट. ती फाइल नसून ॲप असतें. तें बसवून घेऊन मागेल ती परवानगी दिली कीं मोबाइलवर येणारे ओटीपी तें परस्पर वाचून पुढें पाठवितें, आणि मग खातेदारानें कोणास कांहीं सांगण्याची गरजच उरत नाहीं.

आतां ज्या प्रकरणामुळें हा विषय महाराष्ट्रांत विशेष गाजला त्याकडे वळूं. पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज ह्या पेढीचें खातें पंजाब नॅशनल बँकेंत होतें. पेढीच्या चालकांनीं बँकेच्या म्हणून आलेल्या एका फसव्या ई-मेलला उत्तर दिलें, आणि त्यानंतर त्या खात्यांतून ८० लाख १० हजार रुपये परस्पर दुसऱ्या खात्यांत वळविण्यांत आले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वयें राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव अशा भरपाईच्या दाव्यांचा निवाडा करतात. तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल ह्यांनीं २०१३ सालीं बँकेनें ४५ लाख रुपये भरपाई द्यावी असा हुकूम केला. अशा प्रकारच्या निवाड्यांत इतकी मोठी भरपाई त्या काळीं क्वचितच मिळालेली होती.

ह्या निवाड्याचे दोन भाग आहेत आणि दोन्हीहि आपल्या कामाचे आहेत. पहिला असा कीं तक्रारदारास संपूर्ण रकमेची भरपाई देण्यांत आली नाहीं. त्यानें फसव्या पत्रास उत्तर दिलें होतें, म्हणून नुकसानीचा कांहीं भार त्यानेंच सोसावा असें ठरलें. वास्तविक ही पेढी कारखानदारांची, रोज बँकेशीं काम असणारी. तिची जर ही गत, तर वर्षांतून चार वेळां संगणक उघडणाऱ्या संस्थेनें किती जपावें, हें वेगळें सांगावयास नको. दुसरा भाग बँकेच्या हलगर्जीपणाचा. फसवणुकीचा पैसा घेण्यासाठीं जीं खातीं उघडण्यांत आलीं होतीं त्यांची योग्य तपासणी बँकेनें केलेली नव्हती, असें आढळून आलें. आमच्या मतें हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. खातेदाराची चूक एका क्षणाची असते. परंतु लुटीचा पैसा उतरावयास खातीं नसतील तर त्या चुकीचें मोल शून्य होय.

आणि हीं खातीं येतात कोठून? पुष्कळदां तीं आपल्याच सारख्या माणसांचीं असतात. 'तुझें पासबुक, एटीएम कार्ड व सिमकार्ड महिनाभर दे, हजार-दोन हजार मिळतील' असें सांगणारा कोणी तरी गांवांत येतो. बेकार तरुण अगर अडलेला मजूर तें देऊन टाकतो. पुढें पोलिस येतात तेव्हां कागदोपत्रीं नांव त्याचें असतें, आणि खातें गोठल्यामुळें त्याचे योजनेचे हप्तेहि अडकतात. आपल्या बैलजोडीनें कोणी चोरीचा माल वाहूं म्हणेल तर आपण त्यास उभें करणार नाहीं. खात्याच्या बाबतींत मात्र हा विवेक अजून रुजलेला नाहीं.

कायदा ह्या गुन्ह्यास अनोळखी नाहीं. नॅसकॉम ह्या संघटनेच्या दाव्यांत दिल्ली उच्च न्यायालयानें २००५ सालींच फिशिंग हें बेकायदेशीर कृत्य ठरविलें. पुढें कायद्यांत दुरुस्ती होऊन कलम ६६ ड आलें. संगणकाच्या साधनानें दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविणारास त्याखालीं ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. परंतु ज्याचे पैसे गेले त्यास चोराच्या शिक्षेपेक्षां आपल्या पैशांची चिंता असते, आणि तेथें वेळ हाच मुख्य मुद्दा आहे. रिझर्व्ह बँकेनें जुलै २०१७ मध्यें व्यापारी बँकांसाठीं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सहकारी बँकांसाठीं जें तत्त्व घालून दिलें तें असें : ओटीपी वगैरे सांगण्याची चूक खातेदाराची असेल तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. ह्याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं लाजेनें गप्प बसलेला प्रत्येक तास खातेदाराच्या पदरचा जातो.

म्हणून पैसे गेल्याचें कळतांच प्रथम बँकेस सांगून खातें, कार्ड व इंटरनेट बँकिंग बंद करवावें आणि लागलीच १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा सरकारी क्रमांक आहे. तक्रार नोंदली गेली म्हणजे रक्कम ज्या ज्या खात्यांत गेली असेल तेथें ती रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. चोरानें ती बाहेर काढली नसेल तरच तो सफल होतो हें उघड आहे. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' ह्या संकेतस्थळावरहि करतां येते, तसेंच जवळच्या पोलिस ठाण्यांत देतां येते. त्या वेळीं खाते क्रमांक, गेलेली रक्कम, दिवस व वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हीं हाताशीं असावींत. हीं सारीं बँकेच्या संदेशांत असतात. बँकेकडे केलेली तक्रार तोंडी न ठेवतां तिचा नोंद क्रमांक मागून घ्यावा आणि लेखी अर्जाची पोंच शिक्क्यानिशीं जवळ ठेवावी.

संस्थांनीं आणखी दोन व्यवस्था कराव्या. ऑनलाइन व्यवहारास दोन पदाधिकाऱ्यांची संमति लागेल अशी तजवीज बँकेकडून करून घ्यावी व रोजच्या रकमेस मर्यादा घालावी. आणि खत किंवा बियाणें पुरविणाऱ्या कंपनीच्या नांवानें 'आमचें बँक खातें बदललें आहे' असें पत्र आलें तर जुन्या, माहितीच्या क्रमांकावर बोलून खात्री झाल्यावांचून एक रुपयाहि नव्या खात्यावर पाठवूं नये. संशयास्पद पत्र रागाच्या भरांत पुसून टाकण्याची पद्धति सर्रास दिसते. ती मात्र टाळावी. पत्र होतें तसें राहूं द्यावें, दुवा न उघडतां पडद्याचें चित्र काढून ठेवावें. पत्र कोणत्या वाटेनें आलें ह्याची नोंद त्या मूळ पत्राच्या पोटांतच असते, आणि तपास करणारास तीच लागते.